चिकाटी नाही म्हणता, पण कोर्स उघडून बघितलात का?

नमस्कार,

मुलीने ऑनलाइन कोर्स अर्धवट सोडला, तिला चिकाटीच नाही, अशी तक्रार करणारं तुमचं पत्र वाचताना मी अडकले ती या वाक्यावर, "रोज रात्री तिचा लॅपटॉप उघडून किती टक्के झालं ते बघतो." अहो, मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दूध उतू जातंय का बघायला उभं राहावं तसं काय उभे राहताय? चाळीस हजार भरलेत, हप्ते चालू आहेत, जीव तुटणारच, मान्य. पण तिने कोर्स तिसऱ्या आठवड्यात का सोडला हे तिने लिहून दिलंय आणि ते तुम्ही "कारणं सांगते" म्हणून पत्राला जोडलंय, मी तर तेच दोनदा वाचलं.

ती लिहिते, मॉड्यूलवर लिहिलंय "डेटा ॲनालिसिस करता येईल", व्हिडिओत सर स्लाइड वाचून दाखवतात आणि क्विझमध्ये प्रश्न काय, तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कोणत्या साली आली. असाइनमेंटवर वीस दिवसांनी एक शब्द, "गुड". ही कारणं नाहीत हो, ही तपासणी आहे. अमेरिकेत क्वालिटी मॅटर्स नावाची ऑनलाइन कोर्स तपासायची पद्धत आहे, तिचा गाभाच हा, की जे शिकवणार म्हणालात, जे करून घेतलंत आणि ज्याची परीक्षा घेतलीत ते एकमेकांशी जुळतंय का. पोरीने ते स्वतःहून पकडलं.

तुमचा गैरसमज असा, की नव्वद तासांचे व्हिडिओ म्हणजे भरपूर माल. तास मोजून कोर्स कळत नाही, विद्यार्थ्याला काय करायला लावतात, चुकलं तर कोण आणि कधी सांगतं ते बघायचं. आणि फुकट म्हणजे हलकं असंही नाही, एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सना, शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेची फी, त्यात दर आठवड्याच्या असाइनमेंटला साधारण 25 टक्के आणि सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. तिथेही काही कोर्स नुसते फळ्यासमोरचं लेक्चर आहेत, म्हणून पहिला आठवडा करून बघू दे, मग ठरवू दे.

डिग्रीत धरले जाणारे क्रेडिट हवे असतील तर स्वयमचा, म्हणजे सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा, कोर्स घ्यायच्या आधी ते धरतील असं कॉलेजकडून लेखी घ्या, आणि ऑनलाइन डिग्रीचा विचार असेल तर यूजीसीच्या डीईबीची, म्हणजे दूरशिक्षण विभागाची, मान्यताप्राप्त यादी बघा, बास.

बाकी, कोर्स डिझाइन करणं हे स्वतंत्र काम आहे, इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणतात त्याला. लगेच तिला त्यात ढकलू नका, प्लीज! फक्त एवढं विचारा, ते क्विझ तू कसं काढलं असतंस? आणि पुढचा हप्ता कापायच्या आत तिचीच यादी जोडून कंपनीला रिफंडचा मेल टाका, ड्राफ्ट तिलाच करू दे.