ठाण्यात दिल्लीसारखी थंडी का पडत नाही?
मेन कारण म्हणजे डिसेंबरातही ठाण्यात दुपारचा सूर्य बऱ्यापैकी वर असतो. साधं शाळेतलं गणित आहे, 90 मधून अक्षांश आणि 23.5 (पृथ्वीचा अक्ष तेवढे अंश कललेला आहे) वजा करा, की क्षितिजापासून सूर्य किती अंश वर ते मिळतं: ठाणे साधारण 19 अंशांवर म्हणून 22 डिसेंबरला सूर्य 47 अंशांवर, दिल्ली 28.6 वर म्हणून तिथे जेमतेम 38, वर दिवसही लहान. टॉर्च तिरका धरला की उजेड पसरून फिका पडतो ना, तसंच ऊन. गच्चीवर साडेबाराच्या जरा पुढे काठी उभी करून बघा, सावली काठीपेक्षा किंचित छोटीच दिसेल, दिल्लीत मात्र ती सव्वापट लांब. पण सगळं क्रेडिट अक्षांशाला देऊ नका, नागपूर आपल्यापेक्षा फक्त दोन अंश वर, तरी समुद्र लांब असल्याने तिथे रात्री चांगलं कुडकुडायला होतं.