एअर पिस्तुल हाती घेणाऱ्या नव्या नेमबाजास

नाशिकमध्ये आपण १० मीटर एअर पिस्तुलचा सराव सुरू करीत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. स्वतःचे पिस्तुल घेण्याची घाई करू नका. पहिले काही महिने क्लबचे पुरेसे असते.

नवखा नेमबाज बहुधा लक्ष्याकडे पाहतो आणि तिथेच चुकतो. नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरील नेमखुणेवर, स्थिर हवी, लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, कारण पुढच्या आणि मागच्या साइट्समधला किंचित कोनही १० मीटरवर मोठा होतो आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. हात थोडा हलणारच. तो थांबण्याची वाट पाहून शेवटी ट्रिगर झटक्याने ओढणे ही सर्वांत घातक सवय आहे; ट्रिगर सरळ मागे, सावकाश दाबत राहावा आणि नेम फार लांबला तर पिस्तुल खाली घेऊन पुन्हा उचलावे. रेंजवर कोऱ्या कागदासमोर, छर्रा न भरता केलेला सराव यासाठी सर्वोत्तम.

नळी सदैव लक्ष्याकडे आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, यात सवलत नाही.

नाशिकचे क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांनी नेमबाजांच्या मानसिक तयारीवर मोठे काम केले आहे, परंतु तो अभ्यास पकड बसल्यानंतर करावा.