एमजी जे२ घेताय? आधी कागद बघा, मग रंग

चकाचक रंग आणि नवी कोरी सीट बघून भुलू नका. पैसे मोजले की तेवढं कुठेही करून मिळतं. जे२ ही एमजीची १९३२-३४ची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार; तिची खरी किंमत तिच्या कागदांत असते. ब्रिटनमध्ये १९२१पासून गाडीला लॉगबुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक मिळायचं. मालक बदलला की त्यात नवं नाव, पत्ता आणि कार्यालयाचा शिक्का. ते हाती आलं तर त्यातला चॅसी नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. विकणाऱ्याच्या तोंडी इतिहासावर जाऊ नका. (पहिला मालक रेसिंग ड्रायव्हर होता, हे जवळपास प्रत्येक गाडीबद्दल ऐकू येतं!) मधली काही वर्षं कोरी असली तरी लगेच संशय नको. सत्तरच्या दशकात नोंदी स्वान्सीच्या (वेल्समधलं शहर) मध्यवर्ती कार्यालयात एकत्र केल्या, तेव्हा काउंटींची (तिकडचे जिल्हे) बरीच रजिस्टरं नष्ट झाली. उरलेली त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारांत आहेत, विचारून बघा.

इंजिन बदललेलं असलं तर मी तो दोष मानत नाही. ८४७ सीसीच्या त्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) दोनच बेअरिंगवर फिरतो, फार पिळलं की तुटायचा. नवा क्रँक कुणी, कधी बसवला याचं बिल मात्र मागा. आणि पुढच्या उभ्या डायनॅमोत वरून तेल झिरपतंय का, तेही बघून घ्या.