‘समजलं ना?’ विचारून पुढे जाऊ नकोस

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय बेटा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू बोलावलंस म्हणून तू शिकवतेस त्या आठवीच्या ऑनलाइन तासाला माइक बंद ठेवून बसले होते. समीकरणांची तयारी तू मनापासून केली होतीस. तरी तास संपल्यावर जीवाला चैन पडेना, म्हणून लिहिते आहे.

चाळीस मिनिटांत सहा वेळा तू ‘समजलं ना?’ विचारलंस आणि सहाही वेळा उत्तराची वाट न पाहता पुढे गेलीस. पडद्यावरची शांतता अंगावर येते, हे मी जाणते. वर्गात मुलांचे डोळे बोलतात. इथे नुसत्या काळ्या चौकटी. मग आपणच बोलत सुटतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलं अधिक सविस्तर, विचार करून उत्तरं देतात. हे झालं समोरासमोरच्या वर्गाचं. ऑनलाइन तासाला आवाज उशिरा पोचतो, माइकचं बटण शोधावं लागतं, घरच्यांसमोर बोलायला धीर लागतो. तू मनात दहा अंक मोज.

आणि ‘समजलं ना?’ हा प्रश्नच सोड. त्याला मुलं ‘हो’च म्हणतात. त्यापेक्षा ‘३क्ष + ५ = २०, पहिली पायरी काय?’ असं विचार. उत्तर सगळ्यांनी चॅटमध्ये लिहायचं, पण तू सांगेपर्यंत पाठवायचं नाही. एकाचं बघून बाकीच्यांनी उतरवणं त्याने थांबतं.

कॅमेरा बंद ठेवणाऱ्यांना तू रागावलीस, ते मला लागलं. २०२० साली मीही एका मुलीला सगळ्यांदेखत असंच बोलले होते. पुढे कळलं, एका खोलीचं घर, मागे आजोबा अंथरुणाला खिळलेले, आणि मोबाइल भावाशी वाटून घेतलेला. त्यानंतर आठवडाभर ती तासाला आली नाही. मी तिच्या आईला फोन केला, माफी मागितली, पण तो आठवडा गेलाच. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल घरातून निघून शाळेत येत होतं. आता आपण त्याच्या घरात शिरतो. तिथे परवानगीनेच बघावं.

बाकी बारीकसारीक गोष्टी आहेत. खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, चेहरा काळा दिसतो. दुसऱ्या मोबाइलवरून विद्यार्थी म्हणून आपल्याच तासात शिर. तुझी अक्षरं सहा इंचांच्या पडद्यावर किती बारीक दिसतात ते कळेल. फुकटचं झूम ४० मिनिटांनी बंद होतं, तेव्हा नवीन भाग पहिल्या वीस मिनिटांतच घे. काल शेवटचं उदाहरण अर्ध्यातच तुटलं.

मंगळवारी मी पुन्हा बसेन. त्याआधी एक काम कर. काल दहाव्या मिनिटाला एका मुलीने चॅटमध्ये लिहिलं होतं, ‘मॅम, पलीकडे नेल्यावर चिन्ह का बदलतं?’ ते तुझ्या नजरेतून सुटलं. पुढचा तास तिच्या प्रश्नापासूनच सुरू कर. तराजू काढून दाखव, दोन्ही पारड्यांतून पाच-पाच काढ, आणि मग थांब.

तुझी,
बाई