‘विभत्स’ नव्हे, बीभत्स

प्रश्न असा: तिघांनी मिळून एक सिनेमा पाहिला. एकजण शय्यादृश्य सुरू होताच उठून बाहेर गेला. दुसरीने ते निवांत पाहिलं, पण करवत निघाली तसे डोळे गच्च मिटले. तिसऱ्याला या दोन्हींचं काही वाटलं नाही. त्यातला कुत्रा मेला तिथे मात्र तो बिथरला. बाहेर पडल्यावर तिघांनीही सिनेमाला ‘अश्लील’ म्हटलं. हे चालेल, की पहिला सोडून बाकी दोघांनी ‘विभत्स’ म्हणायला हवं होतं?

आधी ते ‘विभत्स’ खोडा. ‘बिभत्स’ही खोडा. परीक्षणांत, मथळ्यांत, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडी हेच ऐकून कान किटले. ‘वि’ हा उपसर्ग धरलात तर मागे ‘भत्स’ उरतं. ते काय असतं? शब्द बीभत्स, बी दीर्घ. तो का दीर्घ, हे पाणिनीने सूत्रात सांगून ठेवलं आहे. तिकडे येतोच.

‘अश्लील’चा रोजचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो. ‘अ-शील, म्हणजे शील नसलेलं’ अशी फोड कुणी पढवली असेल तर ती विसरा. शीलात एकच ल आहे, अश्लीलात दोन. वरचा ल कुठून आला हे त्या पंडितांना कुणी विचारत नाही. जुना शब्द ‘अश्रीर’. श्री नसलेलं, कळाहीन. ऋग्वेदात गाईंचं एक सूक्त आहे, त्यात म्हटलंय की गाई कृशाला पुष्ट करतात आणि अश्रीरालाही देखणं करतात. पुढे र चा ल झाला, ‘रोम’चं ‘लोम’ झालं तसा. म्हणजे मुळात या शब्दाला नीतीशी कर्तव्य नव्हतं. ‘दिसायला बरं नाही’ एवढंच तो म्हणत होता.

मग तो काव्यशास्त्राच्या हाती लागला आणि दोषांच्या यादीत जाऊन बसला. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलाचे तीन प्रकार केले: व्रीडा म्हणजे लाज आणणारं, जुगुप्सा म्हणजे किळस आणणारं, आणि अमंगल सुचवणारं. आता तुमचे तिघे पाहा. पहिल्याला व्रीडा, दुसरीला जुगुप्सा, तिसऱ्याला अमंगल. मम्मट कवितेतल्या शब्दांबद्दल बोलत होता हे खरं, पण तुमच्या तिघांना त्याने असं ओळीने बसवलं आहे की हसू येतं. तेव्हा उत्तर: चालेल, तिघांचंही चालेल. लैंगिक तेवढंच अश्लील, असा हट्ट धरणाऱ्या शुद्धिवाद्यांनी मम्मट उघडून पाहावा.

खरं तर इथे थांबायला हरकत नाही. पण बीभत्साला हात लावला आहे, आता सोडवत नाही.

बीभत्स हे इच्छार्थक रूप आहे, म्हणजे काही करावंसं वाटणं दाखवणारं, जिज्ञासा, मुमुक्षा यांच्या पंगतीतलं. धातू बध्. पहिलं अक्षर दुप्पट होतं, त्या ‘ब’चा ‘बि’ होतो, आणि तो दीर्घ करा असं पाणिनी (सूत्र ३.१.६) बध् धरून चार धातूंसाठी बजावतो. म्हणून बी. पुढची गंमत बघा. ध् पुढे स आला की ध् चा त् होतो, म्हणजे त्यातला हकार, ‘ह’चा श्वास, जायला हवा. पण तो जात नाही, एक अक्षर मागे उडी मारतो आणि ब वर जाऊन बसतो. ब चा भ! बी-भत्-स. बुध् पासून ‘बुभुत्सा’ होतं तेही असंच. एवढी कसरत करून झालेला शब्द, आणि आपण त्याला ‘वि’ लावतो.

अर्थावर भांडण आहे. धातुपाठ, म्हणजे धातूंची जुनी यादी, म्हणतो बध् म्हणजे बांधणे. मग बांधण्यावरून किळस कशी? व्याकरणकार सांगतात, इथे अर्थ वेगळा घ्या. हे उत्तर झालं? त्यापेक्षा दुसरा पक्ष मला पटतो: मागे उभा आहे बाध्, म्हणजे रेटणे, दूर सारणे. समोरचं दूर लोटावंसं वाटणं, ते बीभत्स. आणि हाच बाध् आपण मराठीत रोज बोलतो. ऊन बाधलं, जागरण बाधलं. एकाला बाधतं ते दुसऱ्याला बाधत नाही, म्हणून उन्हाला कुणी चारित्र्यहीन ठरवत नाही. अश्लील म्हटलं की दोष पडद्यावरच्या वस्तूला चिकटतो. बीभत्स मुळात मागे सरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. वस्तूला हे विशेषण लागलं ते त्याच्यामुळे.

पुरावा हवा? अर्जुनाचं एक नाव बीभत्सू. ओंगळ नव्हे, जिज्ञासू तसा बीभत्सू: शिसारी येऊन मागे सरणारा. विराटपर्वात तो उत्तराला आपली दहा नावं उलगडून सांगतो, तेव्हा म्हणतो की लढताना मी कधी बीभत्स कर्म करत नाही, म्हणून हे नाव. हजारो माणसं मारणारा हा योद्धा, आणि त्याचीही एक रेघ आहे! कुठे काढलेली, ते त्याचं त्याला माहीत. बीभत्सच्या पुढे नुसतं ‘घाणेरडा, ओंगळ’ लिहून मोकळे होणाऱ्या कोशकारांनी या नावाचं काय करायचं ठरवलंय?

भरताला हे सगळं कळलं होतं. नाट्यशास्त्रात त्याने बीभत्स रसाचे दोन भाग केले: रक्ताने होतो तो क्षोभज, विष्ठा-कृमींनी होतो तो उद्वेगी. रक्ताचे पाट थंडपणे पाहणारी माणसं पडद्यावरच्या ओकारीला तोंड फिरवतात, ती का, ते इथे आहे. आणि रंगमंचावर चुंबन, आलिंगन का नको, याचं त्याने दिलेलं कारण सरळ आहे: नाटक बाप, मुलगा, सून आणि सासू एकत्र बसून पाहतात. त्या दृश्यात पाप आहे असं तो म्हणत नाही. शेजारी कोण बसलंय, एवढंच बघतो. तुमच्या पहिल्या मित्राच्या शेजारी कोण होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

दुसरीने ‘बीभत्स’ म्हटलं असतं तर जास्त नेमकं झालं असतं, क्षोभज बीभत्स. कुत्र्यावरून बिथरलेल्याचं प्रकरण मात्र बीभत्सात बसत नाही. त्याला काही दूर लोटायचं नव्हतं. त्याला तो कुत्रा जिवंत हवा होता. तो करुण रस.