शांत खाडीत रात्री नांगराचं वजन पुरेसं असतं का?

प्रश्न असा आहे: तुम्ही नागपूरकडचे, हिवाळ्यात मित्राच्या शिडाच्या बोटीवर अंदमानला जाणार, बेटाच्या आडोशाला खाडीत नांगर टाकून झोपणार. किती साखळी सोडायची आणि रात्री पहारा लागतो का, हे तुम्ही विचारलंय. शिवाय कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की खाडी शांत असेल तर नांगराचं वजनच पुरे.

त्या वजनवाल्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो.

वजनाने बोट थांबत नाही. चाळीस फुटी बोट आठ-दहा टनांची असते आणि तिचा नांगर सोळा ते वीस किलोचा. एवढं लोखंड एवढ्या बोटीला नुसत्या वजनावर काय धरणार? नांगर धरतो तो तळाच्या वाळूत रुतून, आणि रुतलेला राहतो तो ओढ आडवी असेल तोवर. गोठ्यातला खुंटा पाहा. बैल आडवा हिसडतो, खुंटा हलत नाही. तोच वर ओढून हलवला तर पोरगंही उपटतं. साखळी कमी सोडली की बोट नांगराला वर ओढते. बस.

माझं गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. आम्ही ढिवर. बाबा डोंग्यावर मासेमारी करायचे, आधी नदीत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत, मग गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात. मी काही वर्षं भाड्याने जाणाऱ्या शिडाच्या बोटीवर डेकहँड, म्हणजे हाताखालचा खलाशी होतो. तिथला कप्तान किनाऱ्यावरचा, समुद्रावर वाढलेला, हुशार माणूस. पण आपण म्हणतो तेच खरं, असा स्वभाव.

दक्षिण अंदमानात एका बेटाच्या पश्चिमेला आम्ही संध्याकाळी शिरलो. हिवाळ्यात वारा ईशान्येचा, म्हणून पश्चिमेची बाजू आडोशाची. तोवर सगळं बरोबर होतं. पाणी सात मीटर, ओहोटीचं. कप्तानाने वीस मीटर साखळी सोडली, इंजिन बंद केलं आणि पाहुण्यांच्या जेवणाची तयारी करा म्हणाला. मी म्हटलं, सर, आज पौर्णिमा आहे, उधाणाची भरती आहे, अजून तीस मीटर सोडू. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या भंडाऱ्यात तलाव असतात. हा समुद्र आहे. इथे मला शिकवू नका."

मी गप्प राहिलो, पण झोपलो नाही. बाबा जाळं टाकलेली जागा काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून लक्षात ठेवायचे, पुढे पळस, मागे देवळाचा कळस. मीही खाडीच्या उत्तरेच्या टोकावरचा एक खडक आणि त्याच्या मागचं वाकडं झाड एका रेषेत धरलं. चांदणं होतं, दोन्ही स्वच्छ दिसत होते. मध्यरात्रीनंतर टेकडीवरून वाऱ्याचे झोत उतरायला लागले. झाड खडकाच्या मागून बाहेर यायला लागलं. पुढे जाऊन साखळीवर तळवा ठेवला. नांगर धरलेला असला की साखळी ताणते, सैल होते, पुन्हा ताणते. इथे हाताला खरखर लागत होती, गाडा दगडांवरून ओढल्यासारखी. बोट सरकून राहिली होती, आणि मागे दक्षिणेला प्रवाळाचा पट्टा.

कप्तानाला उठवलं. इंजिन लावलं, नांगर उचलला, वाळूचा तळ पाहून पुन्हा टाकला, पन्नास मीटर साखळी दिली. सकाळपर्यंत खडक आणि झाड जागचे हलले नाहीत. नाश्त्याला तो पाहुण्यांना सांगत होता, "रात्री वाऱ्याने नांगर घसरला." वाऱ्याने नाही. भरतीने पाणी दोन मीटर वाढलं, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची दीड मीटर, म्हणजे साडेदहा मीटरला वीस मीटर साखळी. दुपटीपेक्षा कमी. अशात कोणताही नांगर निघू शकतो, वारा फक्त निमित्त. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

तर तुमचा हिशेब असा करा: ओहोटीची खोली, अधिक भरती, अधिक पाण्यापासून नाळेची उंची. त्याच्या किमान पाचपट, सगळी साखळीच असेल तर. साखळीला पुढे दोर जोडलेला असेल तर सातपट. सहा मीटर खोली, दोन भरती, एक नाळ, म्हणजे नऊ, म्हणजे 45 मीटर. दहा मिलिमीटरच्या साखळीचं एवढ्या लांबीचं वजनच शंभर किलोच्या आसपास जातं. वजनाचंच कौतुक असेल तर ते साखळीचं करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, म्हणून आत्ता पाणी शांत आहे यावर काहीच ठरवू नका.

साखळी सोडल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये टाका, हळूहळू दोन हजार आरपीएमच्या आसपास न्या आणि काठावरच्या खुणा पाहा. खुणा हलल्या नाहीत तर धरला. अंदमानचं पाणी पुष्कळदा इतकं स्वच्छ असतं की डोळ्यांना मास्क लावून वरून नांगर दिसतो, पण मगरी आहेत तिकडे, खाऱ्या पाण्याच्या, म्हणून तिवरांजवळ उतरू नका. मोबाइलवरचा अँकर अलार्म (बोट जागची सरकली की वाजणारा) लावा, पण त्याच्या भरवशावर दोन खुणा सोडू नका.

जास्त साखळी म्हणजे बोट फिरायला जास्त जागा लागते, हे खरं. शेजारी दुसरी बोट असेल किंवा खाडी अरुंद असेल तर दुसरी खाडी शोधा, साखळी कमी सोडू नका. प्रवाळावर नांगर टाकू नका. साखळी फिरताना प्रवाळ मोडतं, आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचाच. तिकडे अनेक बेटांशी परवानगीशिवाय थांबता येत नाही, तेवढं मित्राला आधीच विचारून घ्या.

पहाऱ्याचं म्हणाल तर पहिल्या रात्री कोणीतरी जागंच राहा. तो वजनवाला बोटीवर असेल तर त्यालाच सांगा. आणि त्याने तुम्हाला विदर्भातला म्हणून गप्प करायचा प्रयत्न केला तर गप्प बसू नका, साखळी मोजायला लावा.