थ्रिलर नव्याने वाचायला घेतोयस तर

अरे, एकदम सातशे पानांचा ठोकळा उचलू नकोस, विरार लोकलमध्ये उभ्याने तो धरवतही नाही. आधी अगाथा ख्रिस्तीचं 'मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घे, १९२६ चं आहे पण शेवट अजून डोकं फिरवतो, फक्त गूगल करू नकोस प्लीज.

मग फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल', १९७१. यात गंमत काय, तर फ्रान्सच्या अध्यक्षाला, द गॉलला, उडवायचा कट आहे आणि तो माणूस १९७० ला घरीच वारला हे आपल्याला माहितीये, म्हणजे शेवट आधीच फुटलेला, तरी खोटा पासपोर्ट काय, बंदूक बनवून घेणं काय, सगळं इतकं बारीक लिहिलंय की दादर कधी गेलं कळत नाही. हल्लीच्या बऱ्याच पुस्तकांत दर चॅप्टरला ट्विस्ट असतो, मला तर कंटाळाच येतो.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्यात, पण तू सुहास शिरवळकरांपासून सुरू कर, पटकन पकड घेतात. मतकरींच्या गूढकथा रात्री एकटा असताना नको (सिरीयसली).

आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी कॉपी मिळाली, तर शेवटची पानं शाबूत आहेत का बघून मगच पैसे दे.